गाजर गवतावरचा पट्टेदार भुंगेरा : ओळख कशी पटवावी आणि वर्गीकरणात त्याची जागा कोणती

हातकणंगले तालुक्यातील कृषी पदवीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चुलत्यांच्या रानात उसाच्या बांधाला गाजर गवत माजले आहे आणि त्याला लागून सूर्यफुलाच्या काही ओळी आहेत. दोन्हींवर पांढरट अंगाचा, तपकिरी पट्ट्यांचा एक लहान भुंगेरा दिसतो. मोबाइलवरील ॲपने त्याला बटाट्यावरील ‘कोलोरॅडो भुंगेरा’ ठरवले, शेजारच्या शेतकऱ्यांच्या मते तो मावा खाणारा ढालकिडा आहे, आणि चुलत्यांनी तर फवारणीचे औषध आणूनही ठेवले आहे. हा भुंगेरा कोण, ते कशावरून ठरवायचे, वर्गीकरणात तो कोठे बसतो आणि फवारणी करावी की नाही, असे चार प्रश्न आहेत. सोबत तीन छायाचित्रे आणि एका छोट्या बाटलीत सॅनिटायझरमध्ये बुडवलेले काही नमुने आले आहेत.

निर्णय आधी सांगतो, म्हणजे औषधाचा डबा तूर्त बंदच राहील. तुमचा भुंगेरा झायगोग्रामा बायकोलोराटा या जातीचा आहे. कृषी विभागाच्या पत्रकांत आणि बोलण्यात त्याला ‘मेक्सिकन भुंगा’ म्हणतात. गाजर गवत, म्हणजेच आपल्याकडचे काँग्रेस गवत, खाण्यासाठी तो मुद्दाम भारतात आणला गेला. तो बटाट्याची कीड नव्हे आणि ढालकिडाही नव्हे. मात्र तुम्ही हे नाव माझ्या शब्दावर मान्य करून वहीत लिहावे, असे मला वाटत नाही. कृषी कीटकशास्त्र शिकणाऱ्याला नावापेक्षा नावापर्यंतची वाट माहीत असणे अधिक गरजेचे आहे, आणि ती वाट अंगावरच्या पट्ट्यांपासून सुरू होत नाही. ॲपचे आणि शेजाऱ्यांचे चुकले ते नेमके येथेच. दोघांनीही रंगापासून सुरुवात केली. रंग आणि नक्षी हा ओळखीचा शेवटचा पुरावा असतो. त्याआधी गण, कुल, उपकुल आणि वंश या पायऱ्या शरीराच्या रचनेवरून चढाव्या लागतात.

पहिल्या पायरीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पुढच्या पंखांची जोडी टणक आहे, ती पाठीवर मिटल्यावर मधोमध सरळ शिवण दिसते आणि तोंड चावून खाणारे आहे. त्यामुळे हा कोलिऑप्टेरा गणातील, म्हणजे भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक आहे. ढेकणाच्या जातकुळीतील रंगीत कीटकही पुष्कळदा भुंगेऱ्यासारखे दिसतात, पण त्यांना रस शोषणारी सोंड असते आणि त्यांचे पंख पाठीवर एकमेकांवर चढतात. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात शिवण इतकी स्पष्ट आहे की शंकेला जागा उरत नाही.

दुसरी पायरी कुलाची, आणि तेथे पाहायचे ते पाऊल. एक नमुना कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून थोडा वेळ ठेवा, मऊ कुंचल्याने सॅनिटायझरचा चिकट थर काढा आणि भुंगेरा पांढऱ्या कागदावर उताणा करा. दहापट मोठे दाखवणारे भिंग हातात असले तरी पुरे. महाविद्यालयातील दुहेरी नेत्रिकेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच. पायाच्या टोकाशी लहान लहान सांध्यांची एक साखळी दिसेल. वरवर मोजले तर सांधे चार भरतात : पहिले दोन साधारण त्रिकोणी, तिसरा रुंद आणि खालून दाट लवेची गादी असलेला, आणि त्यातून बाहेर आलेला शेवटचा लांब, सडपातळ सांधा, ज्याच्या टोकाला नख्या असतात. पण या शेवटच्या सांध्याच्या मुळाशी, तिसऱ्या सांध्याच्या खोबणीत दडलेला, मण्याएवढा एक चौथा सांधा असतो. म्हणजे सांधे खरे पाच आणि दिसतात चार. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुलाची ही मोठी खूण आहे.

ढालकिड्याच्या पावलातही असाच एक सांधा लपलेला असतो, पण त्याचे एकूण सांधेच चार, त्यामुळे वरवर तीन दिसतात. ‘चार दिसतात की तीन’ या एका प्रश्नाने शेजाऱ्यांचे मत बाजूला पडते. दुसरी खूण शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची. तुमच्या नमुन्याच्या शृंगिका अकरा खंडांच्या, दोऱ्यासारख्या आणि टोकाकडे किंचित जाड होत गेलेल्या आहेत. ढालकिड्याच्या शृंगिका आखूड असतात आणि त्यांच्या टोकाला स्पष्ट गाठ असते. तिसरी खूण तोंडाजवळच्या स्पर्शकांची : ढालकिड्यात त्यांचा शेवटचा खंड कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पसरट असतो. शेजाऱ्यांची चूक समजण्याजोगी आहे. मक्यावर आणि चवळीवर माव्याच्या मागे फिरणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा, चिलोमेनेस सेक्समॅक्युलाटा, याच आकाराचा असतो, आणि ठिपक्यांचे नाव असूनही त्याच्या पिवळट पंखांवर काळ्या नागमोडी रेघाच असतात. उभ्या शेतात चार हातांवरून दोघांत गल्लत होणारच.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ‘पान खातो तो पानभुंगेरा, मावा खातो तो ढालकिडा’ असा सोपा नियम विद्यार्थी पाठ करतात, आणि वांग्याच्या वाफ्यात तो नियम मोडतो. वांग्याची पाने खरवडून त्यांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा, हेनोसेपिलाक्ना, हा ढालकिड्यांच्याच कुलातला शाकाहारी सदस्य आहे. त्याच्या पंखांवर बारीक लव असल्याने तो चकाकत नाही, आणि त्याच्या पिवळ्या अळीच्या पाठीवर फांद्या फुटलेले काटे असतात. खाण्याच्या सवयीवरून कुल ठरवायला जाल तर हा किडा तुम्हाला चुकीच्या पानावर नेऊन सोडेल. पाऊल मात्र फसवत नाही.

अर्थात ‘पाच असून चार दिसणारे’ पाऊल एकट्या क्रायसोमेलिडी कुलाची मिरास नाही. खोडकिडीच्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांनाही तसेच पाऊल असते. पण त्यांच्या शृंगिका बहुधा अर्ध्या शरीराहून लांब असतात आणि त्या मुळाशी डोळ्याची कड खाचलेली असते. सोंडे तर सोंडेवरूनच वेगळे पडतात. हे दोन गट वगळले की तुम्ही क्रायसोमेलिडीत सुखरूप पोहोचता. हे कुल अवाढव्य आहे. जगभरात त्याच्या सुमारे ३५ हजार जातींचे वर्णन झाले आहे. मूग, चवळी, हरभरा पोखरणारा घरातला भुंगाही आता याच कुलात ब्रुकिनी या उपकुलात ठेवला जातो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण पूर्वी त्याचे कुल स्वतंत्र मानले जात असे.

उपकुल ठरवताना बहुतेक जण घाई करतात, आणि माझ्या मते खरी ओळख येथेच घडते किंवा बिघडते. डोके समोरून पाहा. दोन्ही शृंगिका कोठून निघतात? गॅलेरुसिनी उपकुलात त्या डोळ्यांच्या मधे, एकमेकींच्या अगदी जवळून निघतात. काकडी, दोडका, भोपळा यांच्या कोवळ्या रोपांना भोके पाडणारा लाल भुंगेरा घेऊन पाहिलात तर ही जवळीक लगेच डोळ्यांत भरते. मागची मांडी फुगीर असलेले, टुणकन उडी मारणारे पिसू भुंगेरेही त्याच घरातले. तुमच्या नमुन्यात शृंगिकांच्या मुळांमध्ये भरपूर अंतर आहे आणि त्या डोळ्यांच्या पुढच्या बाजूला, जबड्यांच्या मुळाकडे सरकलेल्या आहेत. त्यामुळे गॅलेरुसिनी बाद होते आणि क्रायसोमेलिनी व युमोल्पिनी ही दोन उपकुले उरतात.

या दोघांना वेगळे करण्यासाठी पुन्हा उताणा नमुना हवा. पुढच्या पायांचे मूळ, म्हणजे पाय वक्षाला जेथे जोडला जातो तो खंड, युमोल्पिनीत गोल गुंडीसारखा असतो, तर क्रायसोमेलिनीत तो आडवा, लांबट असतो. शिवाय तिसरा पदखंड, म्हणजे पावलाचा तिसरा सांधा, युमोल्पिनीत खोलवर दुभंगलेला असतो. क्रायसोमेलिनीत तो बहुधा अखंड किंवा जेमतेम खाचलेला असतो. तासगाव, मिरजेकडच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर कोवळे डोळे कुरतडणारा उडद्या जवळ ठेवून तुलना केली तर फरक चटकन कळेल, कारण उडद्या युमोल्पिनीतला आहे. तुमच्या नमुन्याचे पायमूळ आडवे आहे आणि तिसरा पदखंड दुभंगलेला नाही, म्हणून उपकुल क्रायसोमेलिनी.

आपल्या जिल्ह्यात सरावासाठी सामग्रीची वाण नाही, म्हणून एक विषयांतर करतो. आजरा, चंदगड, गगनबावडा या पट्ट्यात भाताची पाने उभी गुंडाळून त्यांवर पांढऱ्या रेघा पाडणारे निळे भुंगेरे, लेप्टिस्पा पिग्मिया, आणि पाठीवर काटे असलेला हिस्पा हे दोन्ही कॅसिडिनी उपकुलातले. रताळ्याच्या वेलावर आणि ओढ्याकाठच्या बेशरमीवर दिसणारे, कडेने पारदर्शक झालर असलेले कासवाच्या आकाराचे भुंगेरेही त्याच उपकुलातले. काटेरी हिस्पा आणि गोल कासवभुंगेरा शेजारी ठेवले तर त्यांचे नाते कोणी मान्य करणार नाही. तरीही दोघांचे डोके आणि मुखाची ठेवण सारखी आहे, तोंड खाली-मागे वळलेले आहे. बाह्यरूप दूर सारून रचना पाहण्याची सवय लागायची असेल तर या दोघांइतका चांगला धडा नाही.

आता वंश. क्रायसोमेलिनी उपकुलाखाली डोरिफोरिनी नावाचा एक गट आहे. हा मुख्यतः अमेरिका खंडातला गट असून झायगोग्रामा आणि कोलोरॅडो भुंगेऱ्याचा लेप्टिनोटार्सा हे दोन्ही वंश त्यात येतात. म्हणजे ॲपची चूक अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्याने घर बरोबर गाठले, पण दार शेजारचे ठोठावले. या दोन वंशांना वेगळे करणारी खूण कोणत्याही साध्या छायाचित्रात येत नाही, कारण ती नख्यांच्या मुळाशी आहे. पावलाच्या शेवटच्या सांध्याच्या टोकाला पाहा. लेप्टिनोटार्सात दोन नख्या मुळापासूनच एकमेकींपासून दूर फाकलेल्या असतात. झायगोग्रामात त्या समांतर असून मुळाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे भिंगातून पाहताना आधी एकच जाड नखी असल्याचा भास होतो आणि प्रकाश तिरका केल्यावर तिची दोन टोके दिसतात. तुमच्या बाटलीतल्या नमुन्यांवर मी हे पाहिले आहे. नख्या जोडलेल्या आहेत. चिकट द्रव कोरडा होऊन नख्या चिकटल्यामुळेही असे दिसू शकते, म्हणून धुतल्याशिवाय हा निर्णय करू नये.

नख्या पाहण्याची सोय नसेल, तर कोलोरॅडो भुंगेऱ्यापासून वेगळेपण दाखवणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. एकेकटी गोष्ट कच्ची, पण एकत्र आल्यावर त्या वजनदार ठरतात. कोलोरॅडो भुंगेरा साधारण १० मिलिमीटरचा, फुगीर आणि भरदार असतो. तुमचा भुंगेरा ५ ते ६ मिलिमीटरचा आहे. छायाचित्रात मोजपट्टी नसल्याने ॲपला हा फरक कळणे शक्यच नव्हते. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या प्रत्येक पंखावर पाच, म्हणजे एकूण दहा काळे पट्टे असतात आणि ते बऱ्यापैकी सरळ, सुटे असतात. त्याचे डोके आणि अग्रवक्ष (डोक्यामागचा वक्षाचा पहिला भाग) नारिंगी असून त्यावर काळे ठिपके असतात. तुमच्या भुंगेऱ्याचे डोके आणि अग्रवक्ष तपकिरी आहेत, त्यांवर काळे ठिपके नाहीत, आणि मळकट पांढऱ्या पंखांवरचे गडद तपकिरी पट्टे नागमोडी, कोठे जाड तर कोठे बारीक आहेत. शिवाय कोलोरॅडो भुंगेरा बटाटा, वांगे, टोमॅटो यांच्या कुलातील वनस्पतींवर जगतो, गाजर गवताला तो तोंड लावत नाही. भारतात तो स्थिरावलेला नाही, आणि बियाण्याच्या आयातीत ज्या किडींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले जाते त्यांत तो आहे. म्हणूनच अशा ओळखीची घाईने वाच्यता करू नये : उद्या खरोखरच तसा संशय आला, तर जिवंत किडे गावोगाव दाखवत न फिरता नमुना मारून, बंद करून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

वंश ठरल्यावर जात. येथे तुम्ही कदाचित भारतीय क्रायसोमेलिनीचा जुना अधिकृत ग्रंथ उघडाल आणि गोंधळात पडाल. समरेंद्र मौलिक यांनी या उपकुलाचे भारतातील जातींवरचे काम १९२६ साली प्रसिद्ध केले. आजही त्यातील ओळखतक्ता, म्हणजे एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता, आम्ही वापरतो. पण त्यात झायगोग्रामा नाही, आणि असणारही नाही. मुळात या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णनच पॅलिस्टर यांनी १९५३ साली केले, आणि हा भुंगेरा मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला तो १९८३ साली. बंदिस्त चाचण्यांनंतर पुढच्या वर्षी तो मोकळ्या रानात सोडण्यात आला. बाहेरून आलेल्या जातीला स्थानिक ओळखतक्त्यातून चालवले, तर तक्ता कोठले तरी उत्तर देतोच, आणि ते हमखास चुकीचे असते. तक्ता वापरण्याआधी तो कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या वर्षी लिहिला गेला हे पाहण्याची शिस्त विद्यार्थ्यांना फारशी कोणी लावत नाही, याची मला खंत वाटते.

झायगोग्रामाच्या अनेक जाती अमेरिका खंडात आहेत. मेक्सिकोत उभे राहून हे काम करायचे असते, तर नराचे जननांग सोडवून तपासल्याशिवाय मी जातीचे नाव उच्चारले नसते, कारण पट्ट्यांची जाडी आणि जोडणी एकाच जातीत नमुन्यागणिक बदलते. तुमच्याच नमुन्यांत एकाचे दोन पट्टे मागच्या बाजूला एकत्र मिळाले आहेत आणि दुसऱ्याचे सुटे आहेत. भारतात मात्र या वंशाची हीच एक जात सोडली गेली आणि पसरली. त्यामुळे येथे वंश पक्का झाला, नक्षी जुळली आणि नमुना गाजर गवतावर सापडला, की जातीचे नाव लिहायला पुरेसा आधार मिळतो. हा आधार कोणत्या प्रकारचा आहे याची जाणीव मात्र असू द्यावी. तो थोडा रचनेचा आहे आणि थोडा इतिहासाचा. प्रबंधात किंवा शोधनिबंधात नाव वापरणार असाल तर नराचे जननांग तपासून घ्यावे; तशी सोय नसेल तर एका पायातून डीएनए काढून जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा प्रमाणित तुकडा वाचून घेता येतो. पण तुलनेसाठी संग्रहातला जो नमुना वापरला, तो तरी कोणी कसा ओळखला होता, हे तेथेही विचारावेच लागते.

वनस्पती आणि ऋतू यांचा पुरावा तुमच्या बाजूने भक्कम आहे. जूनमधला पाऊस पडून माती भिजली की जमिनीत दडून राहिलेले प्रौढ भुंगेरे वर येतात, आणि त्याच वेळी गाजर गवताची कोवळी रोपेही बांधांवर आणि पडीक माळावर उगवलेली असतात. मादी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकेकटी किंवा लहान पुंजक्याने पिवळट अंडी घालते, ती चार-पाच दिवसांत उबतात. अळीच्या चार अवस्था असतात. लहान अळ्या शेंड्यातील आणि पानांच्या बेचक्यातील कोंबांत शिरून खातात, मोठ्या झाल्यावर पाने फस्त करतात, आणि पूर्ण वाढ झाली की मातीत उतरून कोषात जातात. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण महिना लागतो, त्यामुळे पावसाळ्यात एकामागून एक पिढ्या होतात; थंडी सुरू होताना बरेचसे प्रौढ पुन्हा मातीत शिरून निपचित पडतात. तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात गाजर गवताच्या शेंड्याशी फिकट पिवळसर अळ्या आहेत. कोलोरॅडो भुंगेऱ्याची अळी तांबूस, कुबडी असते आणि तिच्या दोन्ही कडांना काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. खरे सांगायचे तर तुमच्या तीन छायाचित्रांत मला सर्वांत उपयोगी हेच वाटले, जरी तुम्ही ते ‘नुकसान दाखवण्यासाठी’ म्हणून काढले होते. वनस्पतीवर नुसता बसलेला प्रौढ फार काही सिद्ध करत नाही, कारण तो उडून कोठेही बसतो. अळी मात्र जेथे वाढते ते तिचे खरे अन्न असते.

याच मुद्द्यावरून सूर्यफुलाकडे येऊ. चुलत्यांची काळजी अनाठायी नाही. उत्तर अमेरिकेत याच वंशातील झायगोग्रामा एक्स्क्लमेशनिस ही जात सूर्यफुलाची कीड आहे, आणि गाजर गवत व सूर्यफूल ही दोन्ही झाडे एकाच कुलातली आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने खाताना दिसला तेव्हा मोठे वादळ उठले, आणि प्रकरण चौकशी समितीपर्यंत गेले. त्या काळातील प्रयोगांतून पुढे आलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो : शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असले, तर प्रौढ भुंगेरे ती पाने कुरतडू लागतात. म्हणजे सूर्यफुलावरची त्यांची हजेरी बरीचशी बांधावरच्या फुललेल्या गाजर गवतामुळेच असते. ते गवत संपले की उपाशी प्रौढही काही काळ जवळच्या सूर्यफुलाला तोंड लावतात. त्याची नीट वाढ आणि प्रजनन मात्र गाजर गवतावरच होते.

म्हणून सूर्यफुलाची पाने उलटून पाहा. तेथे अंडी आणि वेगवेगळ्या वयाच्या अळ्या आहेत का, की फक्त प्रौढ आहेत आणि पानांच्या कडा थोड्या कुरतडलेल्या आहेत? तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून दुसरी शक्यता दिसते, आणि तसे असेल तर फवारणी करू नये. पीक फुलोऱ्यात आहे, परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून आहे, आणि औषध मारून तुम्ही फुकटचा गडी हाकलून लावाल. बांधावरचे गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हा खरा उपाय. सूर्यफुलापासून लांबच्या पडीक जागेतले गवत भुंगेऱ्यांसाठी राहू द्यावे. हा भुंगेरा एकटा गाजर गवताचा नायनाट करेल अशी आशा मी बाळगत नाही. पाऊस वेळेवर आणि नियमित झाला तर तो रोपे निष्पर्ण करतो; पावसात खंड पडला की तो मागे पडतो, आणि गवत तोवर बी धरून मोकळे होते.

वहीत वर्गीकरण लिहायचे ते असे : गण कोलिऑप्टेरा, कुल क्रायसोमेलिडी, उपकुल क्रायसोमेलिनी, गट डोरिफोरिनी, वंश झायगोग्रामा, जात झायगोग्रामा बायकोलोराटा पॅलिस्टर, १९५३. वर्णनकर्त्याचे नाव येथे कंसाशिवाय लिहिले जाते, कारण पॅलिस्टर यांनी जात ज्या वंशात ठेवली त्याच वंशात ती आजही आहे. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या नावापुढे मात्र ‘(से, १८२४)’ असा कंस येतो. टॉमस से यांनी त्याचे वर्णन डोरिफोरा या वंशात केले होते आणि नंतर त्याची रवानगी लेप्टिनोटार्सात झाली. परीक्षेत या कंसाचे गुण कापले जातात तेव्हा मुले कुरकुरतात, पण त्या दोन रेघांत जातीचा पूर्वेतिहास असतो.

पुढच्या वेळी नमुने सॅनिटायझरमध्ये पाठवू नका. त्यात मद्यार्क असला तरी दाटपणा आणणारे पदार्थ नख्यांवर आणि लवेवर बसतात, आणि ज्या खुणा पाहायच्या त्याच झाकल्या जातात. प्रौढ भुंगेरे इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत मारून कोरडेच ठेवावेत. एवढ्या लहान भुंगेऱ्याच्या अंगातून टाचणी घालू नये. जाड कागदाचा बारीक त्रिकोण कापून त्याच्या टोकावर उजव्या बाजूने डिंकाच्या एका थेंबाने चिकटवावा आणि टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूतून घालावी, म्हणजे खालची बाजू आणि पाय पाहायला मोकळे राहतात. अळ्या उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून ७० टक्के मद्यार्कात ठेवाव्यात, नाहीतर त्या काळ्या पडतात. डीएनएसाठी राखायचा नमुना मात्र न उकळता ९५ टक्क्यांहून तीव्र मद्यार्कात ठेवावा. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत पेटी उघडी राहिली तर आठवड्याभरात नमुन्यांवर बुरशी धरते, म्हणून पेटीत डांबरगोळीबरोबर शोषक सिलिका जेलची पुडीही ठेवा आणि उघडीप मिळाली की पेटी सावलीत वाळवा.

छायाचित्र पाठवायचे असेल तर चार हवीत : वरून, समोरून डोके दिसेल असे, उताणे, आणि एका पावलाचे जितके जवळून जमेल तितके. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी असावी. समोरचे आणि उताणे छायाचित्र बहुतेक कोणीच काढत नाही, आणि उपकुलाचा निर्णय त्यांच्यावरच अवलंबून असतो. केवळ वरून काढलेले एकच छायाचित्र हाती असेल तर मी ‘क्रायसोमेलिनी, बहुधा झायगोग्रामा’ इतकेच लिहितो, आणि तुम्हीही तेवढेच लिहावे.

प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी हवी. तिच्यावर गाव, तालुका, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या वनस्पतीवर सापडला आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे. दुसऱ्या चिठ्ठीवर जातीचे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि वर्ष. ‘शेतातून’ किंवा ‘कोल्हापूर परिसर’ एवढेच लिहिलेला नमुना कोणत्याही संग्रहालयाच्या उपयोगाचा नसतो. सूर्यफुलावरचे आणि गाजर गवतावरचे भुंगेरे वेगवेगळ्या बाटल्यांत, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांसह ठेवावेत. तुम्ही ते एकाच बाटलीत घातल्यामुळे यातला कोणता कोठला, हे आता सांगता येत नाही. आणि दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक गोळा करू नका. तुलनेसाठी लागणारे सगळे वर सांगितलेले भुंगेरे बांधावर, परसात आणि भाताच्या खाचरात मिळतात.